रडायची रेकॉर्ड

मी एक रेकॉर्ड. काळी, गोल, बारा इंचांची. मधोमध एक भोक. माझ्या दोन्ही बाजूंवर मिळून दहा गाणी आहेत, आणि दहाही गाण्यांत एकेक बाई मरते आहे किंवा मरायच्या तयारीत आहे.

मी बोलते आहे असं म्हणायला मला संकोच वाटतो. जन्मभर मी बोलले ते दुसरीचं. हे पहिल्यांदाच माझं स्वतःचं. तेव्हा कुठे आधीचं नंतर झालं, कुठे माझा राग गरजेपेक्षा जास्त दिसला, तर सांभाळून घ्यावं. राग खरा आहे, एवढं मात्र सांगते. खरं म्हणजे राग हा शब्दही बरोबर नाही. शिसारी म्हणावं.

माझा जन्म युरोपातल्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. माझ्यात गाते ती सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजांत जो सर्वांत उंच आवाज असतो तो तिचा. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. त्यात "दार लाव" हेसुद्धा गाऊनच सांगतात. अशा नाटकांतल्या दहा नायिकांची गाणी तिने एका आठवड्यात म्हटली आणि ती माझ्या खाचांत बसली. एकीला छातीचा रोग आहे. एक विष घेते. एकीला नवरा संशयावरून मारतो, आणि मरताना ती त्याचीच काळजी करते. पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एक नवरी आहे. तिचं लग्न फसवून लावून दिलं आहे, ती मांडवातच भ्रमिष्ट झाली आहे आणि पुन्हा पुन्हा एकच सांगते आहे, की मी सगळ्यांना सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही.

ही दुःखं पुरुषांनी लिहिली, पुरुषांनी सुरांत बसवली, आणि ती ऐकून रुमाल काढणारेही बहुतेक पुरुषच. हे मला तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला माझ्या गोडव्याचा गर्व होता.

१९७२ साली केशवराव नावाचे एक इंजिनिअर प्रशिक्षणासाठी तिकडे आले होते. त्यांनी मला विकत घेतलं आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात, आपल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आणलं. माझ्या वेष्टनावर माझ्या गायिकेचा फोटो होता. पायघोळ पांढरा झगा, डोक्यावरून झिरझिरीत पांढरं वस्त्र, हातात फुलं. हा फोटो लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा त्यानेच केला.

दर रविवारी संध्याकाळी केशवरावांकडे साहेबलोक येत. केशवराव मला वेष्टनातून काढत, मखमलीच्या फडक्याने पुसत आणि डोळे मिटून बसत. मान हलवत, पण चुकीच्या जागी. "काय करुणा आहे!" असं ते प्रत्येक गाण्यानंतर म्हणत. एका गाण्यात ती बाई नुसतं पत्र वाचते आहे, तिथेही म्हणत.

त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई आत भजी तळत. एकदा त्या झारा हातात घेऊन दारात आल्या.

"काय हो, ही इतकी का रडते आहे?"

"रडत नाही ती, गाते आहे," केशवराव डोळे न उघडता म्हणाले. "तुला नाही कळायचं. भजी करपताहेत बघ."

साहेबलोक हसले. त्या घरात मी एकाच माणसाला कळले होते, आणि त्या माणसाला दर रविवारी आत पाठवलं जाई.

एका दुपारी, केशवराव कामावर असताना, सुलोचनाबाईंनी मला स्वतः लावलं. सुई कशी ठेवायची हे त्यांनी बघून बघून शिकून घेतलं होतं. तिसऱ्या गाण्याला त्या उभ्याच राहिल्या. नेमके त्या दिवशी केशवराव लवकर आले. माझ्या कडेवर बेसनाचं बोट उमटलेलं त्यांना दिसलं.

"अगं, केवढी नाजूक वस्तू आहे ही! हात धुवायचीही अक्कल नाही?"

ते तासभर बोलत होते. भिंतीला टेकून सुलोचनाबाई रडत होत्या. केशवराव खाली मान घालून, ओल्या मऊ फडक्याने, अगदी हलक्या हाताने मला पुसत होते. बाई रडत होती आणि माणूस रडण्याची रेकॉर्ड पुसत होता. शिसारी म्हणतात ती मला त्या दिवशी पहिल्यांदा आली. त्यांची आली, आणि थोडी माझीही.

१९७६ मध्ये केशवरावांची बदली झाली. सामान कमी करताना त्यांनी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र विकलं. मी त्याच्याच खोक्यात तळाशी राहून गेले. मुद्दाम की चुकून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घेणारा होता जवळच्याच शहापूरचा टिकाराम. हायवेला लागून त्याचं लाऊडस्पीकरचं दुकान. दोन भोंगे, एक मशीन, मोटारीची एक बॅटरी, एक मायक्रोफोन आणि हे सगळं वाहायला सायकल. लग्न, बारसं, भागवत सप्ताह, जे असेल ते. माणूस वाईट नव्हता. आपलं काम आवाज करायचं आहे, कशाचा ते गिऱ्हाईक ठरवेल, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

त्याने मला खोक्यातून काढलं आणि वेष्टन उजेडात धरलं. वरची अक्षरं त्याला लागेनात, पण फोटो लागला.

"अवो, पाह्यते का," तो बायकोला म्हणाला. "नवरी हाये. गोऱ्या लोकायच्या लग्नाची रेकॉड हाये हे."

त्याने मला चुकीच्या वेगावर लावलं. जगातली मोठी गायिका चिवचिवायला लागली.

"बंद करा जी!" बायको ओरडली. "कोंबडीचे पिल्ले चेंदून राहिलं का कोनी?"

मग त्याने वेग कमी केला, आणि सुई पडली ती नेमकी तिसऱ्या गाण्यावर. बायको निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून ऐकू लागली. गाणं संपलं तेव्हा तिने पदराने नाक पुसलं.

"काहून रडते वो?"

"मले का माहीत? माही बिदाई आठोली."

टिकारामने मांडीवर थाप मारली. "बस! हे बिदाईले चालते."

त्याची चूक काय झाली हे कळायला इकडची रीत सांगावी लागेल. या भागात लग्न लागल्यावर नवरी सासरच्या बैलगाडीत बसायला निघते, ती बिदाई. त्या वेळी तिने रडायचं असतं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. न रडणाऱ्या नवरीबद्दल दोन्हीकडची माणसं वर्षभर बोलतात. पण हे रडणं नुसतं रडणं नव्हतं. बायका गळ्यात गळा घालून, हेल काढून, शब्दांत रडत. कोणत्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, ती लहानपणी पडली होती, कोणती शेळी तिच्यामागे फिरायची, सगळं त्यात येई. आणि त्याच हेलात नवरी आपली तक्रारही सांगू शकत असे. एरवी जे तोंडातून काढलं तर थोबाडीत बसली असती, ते तेवढ्या वेळात बोलायची तिला मुभा होती. रडते आहे म्हणून सोडून देत, पण ऐकत. आणि कधीकधी ते ऐकून एखादा बाप गाडी थांबवतही असे.

आंधळगावजवळच्या एका टोलीवर, म्हणजे लहान वस्तीवर, जनाबाई नावाची साठीची विधवा होती. बिदाईला तिला आवर्जून बोलावत. ती नवरीला मिठी मारून रडायला लागली, की नवऱ्याकडच्यांचे चेहरे पाहण्यासारखे होत. "सोन्यासारखी देऊन राहिलो वो, उपाशी ठेवजा नोको वो, मागच्या सुनेसारखं करजा नोको वो," असं ती सुरात सगळ्यांसमोर म्हणे, आणि रडणाऱ्या बाईला कोण काय बोलणार?

तिथे मी आले. दोन भोंग्यांतून.

पहिल्याच बिदाईला सगळा मांडव रडला. माझी भाषा कोणाला येत नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला आपापलं आठवलं. महिनाभरात पाचपंचवीस गावांत निरोप गेले, 'टिकाराम, ते रडाची रेकॉड घेऊन येजो.' बापांना मी फार आवडले. पोरगी रडो न रडो, बिदाई झोकात होई. वरची पट्टी आली की भाचे-पुतणे टाळ्या वाजवत. आणि जनाबाईला कोणी बोलावीना; बोलावलं तरी भोंग्याखाली तिचं काही ऐकू येईना.

"टिकाराम," ती एकदा त्याला म्हणाली, "तुही गोरी का रडून राहिली ते सांग ना मले."

"मले नाही समजत, जनाबाई."

"मंग माहं रडनं समजत होतं ते काहून बंद पाडलं बावा?"

तो हसला. मीही तेव्हा मनातून हसले, हे कबूल करते. म्हातारीला हेवा वाटतो आहे असं मला वाटलं. मी इतकी शिकलेली, इतक्या मोठ्या आवाजाची. माझा असा समज व्हावा यात नवल नाही. पण त्याची आठवण झाली की अजून स्वतःची घाण वाटते.

१९७८ च्या वैशाखात त्याच टोलीवर तुलारामच्या थोरल्या मुलीचं, पुष्पाचं लग्न होतं. तुलारामची तलावाखाली पाच एकर धानाची जमीन. गावात मान. नवरा इश्वर, वैनगंगेपलीकडच्या गावचा, बिजवर. त्याची पहिली बायको विहिरीत पडून गेली होती. पाय घसरला, असं ते लोक सांगत. बाकीचे लोक काही सांगत नसत, फक्त विषय बदलत.

मांडवात टिकारामने मशीन नवरीच्या गाडीपासून चार पावलांवर लावलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं आणि ऐकू आलं. गाडीपर्यंत पुष्पा गप्प होती. मग तिने जनाबाईला मिठी मारली आणि हेल न काढता, सरळ बोलायला लागली.

"मोठीमाय, मले पाठवू नोको व. त्याची बायको घसरली नाही, तिले मारत होता तो. तिच्या बहिणीनं सांगतलं मले हळदीच्या दिवशी. बाले सांग ना व. गाडी थांबवाले सांग."

"काय म्हनते व? मले आयकू नाही येऊन राहिलं," जनाबाई ओरडली, कारण मी गातच होते.

"मी नाही जात म्हन्तो!"

तुलारामला ऐकू आलं. माझी खात्री आहे. त्याचा चेहरा एकदम उतरला, आणि त्याने टिकारामकडे बघून उजव्या हाताचं एक बोट वर केलं. आवाज वाढव.

टिकारामने बटण पिळलं.

त्या क्षणी मी तिसऱ्या गाण्यात होते. 'मी सगळ्यांना सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही.' माझ्या चार पावलांवर एक मुलगी तेच सांगत होती; मीही तेच गात होते, आणि मी गात होते म्हणूनच तिचं ऐकू येत नव्हतं. तिचं तोंड हलताना मला दिसत होतं. दोन काकांनी तिला दंडाला धरून गाडीत बसवलं. बैल उठले.

"पुष्पी पा कशी रडली," बायका म्हणाल्या. "आन रेकॉड तं का म्हनावं! गाय हंबरते तशी."

तुलारामने टिकारामला जिलेबीचा पुडा बांधून दिला. मला वेष्टनात घातलं. आतल्या कागदात मी रात्रभर पडून होते आणि मला वाटत होतं, की कोणीतरी मला चुलीत घालावं.

चौदा महिने गेले. त्या काळात मी किती बिदायांना वाजले हे मोजलं नाही. १९७९ च्या श्रावणात पुष्पा चालत परत आली. डावा हात मनगटातून वळत नव्हता. तुलारामने तिला घरात घेतलं, पण ओसरीवर पाय ठेवल्याबरोबर सांगितलं, "दिवाळीपर्यंत राह्य. मंग जावई येईन न्यायाले."

"मी नाही जात, बा."

"तुही लहान बहीण हाये घरात. तिले कोन करन मंग?"

लहान बहीण ललिता तेव्हा दहा वर्षांची होती.

दिवाळी झाली की इकडे गावोगावी मंडई भरते. नावाला बाजार, खरा तो पाहुण्यांचा दिवस. लेकी-जावई, सोयरे सगळे येतात. पाळणे लागतात, दुपारपासून दंडार होते. दंडार म्हणजे इकडचं लोकनाट्य, त्यात बायांची कामं पुरुषच लुगडं नेसून करतात. त्या दंडारीला टिकारामचा भोंगा होता. तुलारामने ठरवलं, की इश्वरला मंडईला बोलवायचं आणि सगळ्या पंचक्रोशीसमोर साडीचोळी करून पुष्पाला पुन्हा पाठवायचं. म्हणजे पोरगी पळून आली होती असं कोणी म्हणणार नाही. माहेरपणाला आली होती आणि वाजतगाजत गेली, असं होईल.

"तेच रेकॉड लाव," तो टिकारामला म्हणाला. "मागच्यासारखं. मोठ्यानं."

मंडईला भर दुपार होती. तलावाच्या बांधावर माणूस मावत नव्हता. गाडी जुंपलेली. इश्वर नवीन टोपी घालून शेंगदाणे खात होता. दंडारीतली नायिका, म्हणजे लुगडं नेसलेला आणि खोटी वेणी लावलेला एक गडी, आपल्या पाळीची वाट बघत बिडी ओढत उभा होता. पुष्पाला नवी साडी नेसवून आणलं. मला यंत्रावर ठेवलं. सुई तिसऱ्या गाण्यावर उतरली आणि मी सुरू झाले.

जनाबाई वाटेत आली. "टिकाराम, तिचा हात पाह्यला का?"

"पाह्यला."

"मागच्या टाइमले ते बोलत होती. तुह्या भोंग्यानं मी भैरी झालो. आता पुन्हा करतं का?"

पुष्पा गाडीपाशी पोचली. ती रडत नव्हती. तिचे ओठ हलायला लागले, आणि तुलारामचं बोट वर गेलं.

टिकारामने बोटाकडे पाहिलं. मग त्या मनगटाकडे. मग त्याने माझ्यावरची सुई उचलली.

मला हे सांगताना भीती वाटते की मी माझं काही कौतुक करून घेईन. मी काहीच केलं नाही. माझ्यात ती ताकद नाही. मी नुसती गोल फिरत राहिले, मुकी. जन्मात पहिल्यांदा मला गाण्याच्या मध्येच थांबवलं होतं, आणि इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

टिकारामने वायरीसकट मायक्रोफोन तिच्यापुढे धरला. तिने तो उजव्या हाताने घेतला. आधी नुसता श्वास भोंग्यांतून तलावावर गेला.

"मी पुष्पा बोलून राहिली," ती म्हणाली. "तुलारामची. मी जाऊन नाही राहिली. हा हात पाह्यून घ्या सगळे. हा यानं पाट्यावर ठेवून मोडला, भात करपला म्हून. पयलीचं का झालं मले माहीत नाही. पन मले तिच्या जागेवर जायाचं नाही. मी कोनाच्या घरी धानाचा रोवना करीन, बिड्या वळीन. बस."

"भोंगा बंद कर बे!" इश्वर ओरडला.

"बॅटरी माही, भोंगा माहा," टिकाराम म्हणाला.

खोट्या वेणीच्या गड्याने बिडी फेकून दिली. "झालं! आता आमचं रडनं कोन पाह्यन?"

पाच-सात जण हसले. त्या हसण्यात इश्वरने टोपी खिशात घातली आणि रिकामी गाडी हाकत निघून गेला.

इथे मी थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण छान गोष्टींचा मला वीट आहे. पुढचं ऐका. तुलारामने त्या दिवशी पुष्पाला घराबाहेर काढलं. ती जनाबाईच्या झोपडीत राहायला गेली. टिकारामला त्या भागातल्या सहा गावांनी काम देणं बंद केलं. आणि उरलेल्या गावांनी, ज्यांनी हा सगळा प्रकार आपल्या डोळ्यांनी पाहिला होता त्यांनीसुद्धा, पुढच्या लग्नसराईत काय विचारावं? "टिकाराम, ते रडाची रेकॉड हाये ना अजून?" माणसांना एका बाईचं सत्य ऐकून घेतल्यावरही माझं रडणंच हवं होतं. ते स्वस्त होतं, उंच होतं, आणि त्याला काही उत्तर द्यावं लागत नव्हतं.

टिकाराम "घासली ते" म्हणून सांगायचा. पुढे १९८४ मध्ये त्याने कॅसेटचं मशीन घेतलं. जुन्या रेकॉर्डी भंगारात देताना मला मात्र सायकलवर टाकून तो टोलीवर आला आणि पुष्पापुढे ठेवून म्हणाला, "घ्या बाई. फोडून टाका."

तिने मला उलटसुलट पाहिलं. माझ्या खाचांवर तिचं बोट फिरलं. त्याला तंबाखूचा वास होता. "ह्याच्यात ते बाई अजून रडूनच राहिली आसन का जी?"

"हो. तिले थांबता येत नाही."

"मंग फोडून कायले? राहू द्या."

तिने मला तांदळाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवलं. भोकात चिंधीचा बोळा घातला, म्हणजे उंदीर जात नाहीत आणि धरून उचलायलाही बरं. त्या उन्हाळ्यात कौलांतून येणाऱ्या उन्हाने मी एका बाजूने वाकले. आता माझ्यावर सुई चालायची नाही. मोठ्या गायिकेची रेकॉर्ड वाकडी झाली म्हणून केशवरावांनी हळहळ केली असती. मला हळहळ नाही. मडक्यावर मी जेवढी उपयोगी पडले, तेवढी सुईखाली कधी पडले नाही.

गेल्या महिन्यात, म्हणजे १९८८ च्या लग्नसराईत, तुलाराम झोपडीच्या दारात येऊन उभा राहिला. साडेआठ वर्षांत पहिल्यांदा. जनाबाई, आता सत्तरीची, बाजेवर पडली होती. पुष्पा सुपात तंबाखू घेऊन बिड्या वळत होती. एका हाताने पान धरता येत नाही म्हणून ती ते पायाच्या अंगठ्याने दाबते.

"लल्लीचं लगन हाये उद्या," तुलाराम उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

"आयकलं."

"पोट्टी रडूनच नाही राहिली. नुसती हासून राहिली. हळदीले हासली, काल बायकायनं रडाले शिकवलं तं अजूनच हासली. नवरा पसंत हाये तिले. पन उद्या गाडीत बसताना हासली तं लोक का म्हनतीन?"

"हासू द्या ना मंग."

"तसं नाही होत." तो घुटमळला. "टिकाराम म्हने, ते रेकॉड तुह्यापाशी हाये."

पुष्पाचा हात थांबला. "बा, तुमी मले बलावाले आले का रेकॉड न्यायाले आले?"

माणसाने खोटं बोलावं असे काही क्षण असतात. तुलारामला ते सुचलं नाही. त्याने खाली पाहिलं आणि हळूच म्हणाला, "रेकॉड."

पुष्पा उठली. मला मडक्यावरून उचललं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने मला डोळ्यांसमोर आडवं धरलं, एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, मग दोन्ही हातांनी दाबून सरळ करायचा प्रयत्न केला. पोटची मुलगी समोर उभी, आणि हा माणूस मला सरळ करत होता. केशवरावांचं मऊ फडकं मला आठवलं.

"वाकडी झाली ते," पुष्पा म्हणाली. "वाजत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

त्याने मला उंबऱ्यावर ठेवलं आणि गेला. तो गेल्यावर पुष्पा रडली का, हे विचारू नका. जे तिने कोणाला ऐकू दिलं नाही ते मी सांगणार नाही. आता तरी नाही.

दुसऱ्या दिवशी जनाबाई काठी टेकत लग्नाला गेली. संध्याकाळी आली ती दारातूनच बोलत.

"हासत हासतच गेली व पोट्टी! कॅसेटवाला होता, पन तुह्या बाले कोनतं लावावं समजलंच नाही, म्हून बिदाईले भोंगा बंद. सगळा मांडव गपचूप. आन गाडीत बसता बसता लल्ली बापाले म्हने, 'माह्या बहिणीले काहून नाही बलावलं?' टाचणी पडली तं आयकू यावं, असं!"

"बा का म्हनला?"

"का म्हनन? बोट वर केलं आन तसंच ठेवलं. वाढवाले आवाजच नव्हता ना तठी."

मी आहे ही अशी. वाकडी, तांदळाच्या पिठाने माखलेली, भोकात चिंधी. मला सरळ करू नका. कोणाकडे माझी दुसरी प्रत असेल, कॅसेटवर उतरवलेली असेल, तर तीही लावू नका. निदान एखादी बाई जवळ उभी राहून काही सांगत असेल तेव्हा तरी नको. माझ्यातल्या दहाजणी मेल्या आहेत. त्यांना घाई नाही. एवढं मागणं. ते कोणी मानेल अशी आशा मी फारशी करत नाही. मी माणसांना चार पावलांवरून पाहिलं आहे.

आज सकाळी पुष्पाबाईने मला दोनदा उचललं. एकदा रोजचे दोघींचे तांदूळ काढायला. मग थांबून, दाराकडे पाहून, आणखी दोघांचे. ललिता नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी येते आहे, आणि तिने निरोप पाठवला आहे, की आधी बहिणीकडे जेवीन, मग बापाकडे.